नवीन असेंबल पीसी: कधी ब्लू स्क्रीन, कधी नुसताच रिस्टार्ट

पेचकस · शनिवार, सकाळी ११:१०

आठ दिवसांपूर्वी जोडलेला पीसी धड चालत नाही. कॉन्फिगरेशन असे:

रायझेन ७ ७७०० प्रोसेसर, चार रॅम स्लॉटचा बी६५० बोर्ड, डीडीआर५ ६००० सीएल३० रॅम १६ जीबीच्या चार स्टिक (एकाच मॉडेलचे दोन-दोनचे दोन संच, एकूण ६४ जीबी), आरएक्स ७८०० एक्सटी, १ टीबी एनव्हीएमई, ७५० वॉटचा गोल्ड एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), विंडोज ११.

लक्षणे: दिवसातून एक-दोनदा ब्लू स्क्रीन, दर वेळी वेगळा मजकूर. मध्येच स्क्रीन काळी होऊन थेट रिस्टार्ट, तेव्हा निळे काही दिसत नाही. क्रोमचे टॅब आपोआप क्रॅश होतात. एकदा १२ जीबीची झिप उघडताना 'फाइल खराब आहे' आले, दुसऱ्यांदा तीच झिप बिनतक्रार उघडली.

केलेले उपाय: विंडोज दोनदा नव्याने टाकले, ग्राफिकचे ड्रायव्हर बदलले, थर्मल पेस्ट पुन्हा लावली. लोडवर प्रोसेसर ७८ अंशांपर्यंत जातो. दुकानदार म्हणतो एसएमपीएस बदला. बदलू का?

---

बायोसबुवा · शनिवार, ११:४२

इतक्यात काही बदलू नका, आणि विंडोज तिसऱ्यांदा तर अजिबात टाकू नका. अस्थिर रॅमवर विंडोज टाकणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणे; टाकतानाच फायली बिघडतात.

७८ अंश या प्रोसेसरला काहीच नाही, ७००० मालिकेची मर्यादा ९५ आहे. तापमानाचा विषय सोडून द्या.

आधी ब्लू स्क्रीन आणि थेट रिस्टार्ट वेगवेगळे मोजा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम, तिथे कर्नल-पॉवर ४१ च्या सगळ्या नोंदी फिल्टर करा. ४१ बघून लोक 'पॉवर'चा दोष म्हणून एसएमपीएस बदलतात. पण ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झाले नव्हते. कारण त्यात नसते.

कारणाचा धागा त्याच नोंदीच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये मिळतो. तिथे 'बगचेककोड' असा एक आकडा असतो. तो शून्य असेल तर विंडोजला ब्लू स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज गेली किंवा प्रोसेसर जागीच बसला. शून्य नसेल तर तो ब्लू स्क्रीनचाच कोड, फक्त दशमान पद्धतीत लिहिलेला. तो तसाच शोधला तर भलतेच निकाल येतात, म्हणून आधी कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये हेक्समध्ये बदलून घ्या. २६ म्हणजे १ए, मेमरी मॅनेजमेंट. २९२ म्हणजे १२४, व्हीया एरर, म्हणजे हार्डवेअरची चूक.

जवळच 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' दिसेल. तो शून्य नसेल तर ते बंद होणे तुम्हीच बटण दाबून धरल्यामुळे झालेले असते. त्या नोंदी वगळा. बाकीच्यांची वेळ आणि कोड इथे द्या.

---

पेचकस · शनिवार, १२:२५

एकूण १३ नोंदी. दोन बटणवाल्या वगळल्या. उरलेल्या ११:

कोडसह सात: २६, १०, २६, ५९, ८०, ३१३, २६.
शून्य कोडच्या चार: सोमवार १८:३४, मंगळवार १८:४१, गुरुवार १८:३२, आणि बुधवार २२:१५.

---

सोल्डरमामा · शनिवार, १२:५०

हे एक दुखणे नाही, किमान दोन आहेत. वेगळे धरले नाहीत तर एक बरे झालेले दुसऱ्यामुळे कळणार नाही.

सात कोड बघा: १ए, ए, ३बी, ५०, १३९. सात वेळांत पाच वेगळी नावे. ड्रायव्हरचा दोष असेल तर गडी सहसा तोच तो पकडला जातो. इथे कोणीही पकडला जातोय, कारण ज्याच्या वाट्याला चुकलेला बिट आला तो पडला. वर झिप एकदा खराब आणि एकदा चांगली. फाइल डिस्कवर तीच आहे, वाचताना बदलते. हा रॅमचा नमुना आहे, आणि चार स्टिक ६००० वर वाचल्यावर फारसा संशयही उरत नाही.

एएमडीच्याच पानावर ७७०० साठी दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला ३६०० एवढाच वेग दिला आहे. ६००० हे एक्स्पो प्रोफाइल (रॅममध्ये आधीच भरून दिलेली वेगाची सेटिंग), म्हणजे ओव्हरक्लॉक, ठरलेल्या वेगापुढे पळवणे. शिवाय ते प्रोफाइल दोन स्टिकच्या संचासाठी तपासलेले असते. दोन संच एकाच मॉडेलचे असले तरी चौघांची एकत्र परीक्षा कारखान्यात झालेली नसते. प्रत्येक चॅनलवर दोन-दोन स्टिक आल्या की मेमरी कंट्रोलरवरचा भार वाढतो, तारेच्या फाट्यांवरून सिग्नल उलटा आदळतो, आणि डीडीआर५ च्या वेगाला ते सोसत नाही. डीडीआर४ ला चार स्टिक खपून जायच्या, त्यामुळे ही सवय राहिली आहे. बोर्डाच्या साइटवरच्या रॅमयादीत १, २, ४ असे रकाने असतात. ४ च्या रकान्यात ६००० समोर टिकमार्क आहे का, बघून घ्या.

आता क्रमाने, एका वेळी एकच बदल:

१. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो बंद. रॅम मूळ वेगावर येईल.

२. मग बायोस अपडेट. हा क्रम उलटा नको. डळमळीत रॅमवर फ्लॅश करताना फाइलच चुकीची लिहिली गेली तर बोर्ड बसतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. अपडेटआधी विंडोजची ड्राइव्ह एन्क्रिप्ट आहे का ते बघून बिटलॉकरची (विंडोजच्या एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की मोबाइलमध्ये किंवा कागदावर घ्या. बायोस बदलला की टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) नवा समजला जाऊन ४८ आकडे मागितले जाऊ शकतात.

३. अपडेटनंतरच्या पहिल्या सुरुवातीला स्क्रीन बराच वेळ काळी राहील. रॅमचे ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचे रॅमशी जुळवून घेणे, चालू असते. ६४ जीबीला काही मिनिटे जातात. बोर्डावरचा डीरॅम दिवा पेटलेला दिसेल, घाबरून बटण दाबू नका. दहा मिनिटे तरी द्या.

४. मेमटेस्ट८६ प्लस या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा पेनड्राइव्ह करा, सहा किंवा पुढची आवृत्ती. सिक्युअर बूटमुळे सुरू झाला नाही तर तेवढ्यापुरते ते बंद. चाचण्या चार: (क) चारही स्टिक, एक्स्पो चालू, (ख) चारही, एक्स्पो बंद आणि वेग हाताने ३६००, (ग) फक्त पहिला संच, एक्स्पो चालू, (घ) फक्त दुसरा संच, एक्स्पो चालू. संच मिसळू नयेत म्हणून स्टिकवर मार्करने खूण करा.

दोन स्टिक लावताना प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट, म्हणजे ए२ आणि बी२. या बोर्डांवर तार पहिल्या स्लॉटवरून पुढे दुसऱ्यापर्यंत जाते. स्टिक शेवटच्या स्लॉटमध्ये असली की मागे मोकळे शेपूट राहत नाही. काढता-घालताना एसएमपीएसचे मागचे बटण बंद, आणि दिवे विझेपर्यंत थांबा.

---

कोरडा_सेल · शनिवार, १:३०

एवढे कशाला? रॅम वॉरंटीत आहे, दुकानात नेऊन बदलून घ्या. आणि चार स्टिक ६००० वर चालतात की, लोक चालवतात.

---

सोल्डरमामा · शनिवार, १:४८

दुकानदार एक स्टिक लावून विंडोजचे मेमरी डायग्नोस्टिक चालवेल, काही सापडणार नाही, आणि तो तीच रॅम परत देईल. त्याची चूक नाही. एकेकटी स्टिक बहुधा चांगलीच असेल.

चालतात म्हणजे काय, हा प्रश्न आहे. विंडोज उघडते म्हणजे स्थिर नव्हे. कोणाचा मेमरी कंट्रोलर दमदार निघतो आणि चार स्टिक पेलतो, तो नशिबाचा भाग. त्यावर दुसऱ्याला सल्ला देता येत नाही.

डीडीआर५ ला आतच ईसीसी असते, मग चूक कशी होईल, असेही विचारतात. ते ईसीसी चिपच्या आत साठवलेल्या बिटांपुरते आहे. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे बिघडते त्याला ते काहीच करत नाही. इथला बिघाड वाटेवरचाच आहे.

---

तिसरी_पिन · शनिवार, २:१५

रॅमचे मामा बघतील. मला त्या चार शून्यांमध्ये रस आहे. तीन नोंदी संध्याकाळी साडेसहाच्या आसपास, एक रात्री सव्वादहाला. रॅमला घड्याळ कळत नाही.

पेचकस, एवढे सांगा:
पीसी थेट भिंतीच्या सॉकेटवर आहे की यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर? यूपीएस असेल तर किती व्हीए?
रिस्टार्ट होताना मॉनिटरचा दिवाही विझतो, की मॉनिटर चालू राहून 'नो सिग्नल' येते?
साडेसहाला पीसीवर काय चालू असते?
ग्राफिक कार्डाला एसएमपीएसकडून किती केबल गेल्या आहेत?
कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला हात लागला तर मुंग्या येतात का?

---

पेचकस · शनिवार, ३:०५

यूपीएस आहे, ६०० व्हीए. पीसी आणि मॉनिटर दोन्ही त्यावर. संध्याकाळच्या तिन्ही वेळा गेम चालू होता. त्या वेळी यूपीएसमधून 'टक्' असा आवाज येतो, मॉनिटरचा दिवा विझून परत लागतो. बुधवारी रात्री फक्त गाणी चालू होती, तेव्हा मॉनिटर चालूच राहिला.

कार्डाला एकच केबल, तिलाच दोन तोंडे आहेत. मुंग्या येत नाहीत.

---

तिसरी_पिन · शनिवार, ३:३८

संध्याकाळच्या तीन नोंदी सुटल्या म्हणायला हरकत नाही. हिशोब करू.

७८०० एक्सटी पूर्ण भारावर २६३ वॉट. ७७०० ची कमाल मर्यादा ८८ वॉट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून पन्नासेक. झाले सुमारे ४००. एसएमपीएस ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम धरला तर सॉकेटमधून ४४५ खेचले जातात. मॉनिटरचे ३० धरा. पावणेपाचशे वॉट. क्षणिक उसळ्या वेगळ्या.

६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. मागच्या स्टिकरवर व्हीएच्या खाली वॉट लिहिलेले असतात, तो आकडा महत्त्वाचा. ऑफिसच्या पीसीला ६०० पुरतो, ग्राफिक कार्डवाल्याला नाही.

वीज व्यवस्थित असते तोवर यूपीएस मेन्सच पुढे ढकलतो, म्हणून कळत नाही. व्होल्टेज खाली आले की आतला रिले टॅप बदलतो किंवा क्षणभर बॅटरीवर जातो. तोच तुमचा 'टक्'. बॅटरीवर गेल्यावर ३६० वॉटच्या इन्व्हर्टरला पावणेपाचशे मागितले की तो हात वर करतो. रोज साडेसहाला व्होल्टेज का उतरते? इमारतीची पाण्याची मोटर त्या वेळी सुरू होते का, वॉचमनला विचारा. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह खेचते, जुन्या वायरिंगवर दिवेही मिचकतात.

खात्री: गेम चालू ठेवून यूपीएसचा भिंतीचा स्विच बंद करा. आधी सगळे सेव्ह करा, शक्यतो गेमचा बेंचमार्क चालवा. पीसी तिथेच पडला तर उत्तर मिळाले. मग यूपीएस बाजूला काढून आठवडाभर थेट सॉकेटवर चालवा.

नवा घेताना ११०० व्हीए, साधारण ६६० वॉट, याच्या खाली नको. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायरीपायरीची वेव्ह देतात, आणि आजकालच्या ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही. परवडत असेल तर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असणाऱ्यांनी पुढचा खटका 'यूपीएस' मोडवर ठेवावा. साध्या मोडमध्ये बदलीला काही दशक मिलिसेकंद लागतात आणि चांगला एसएमपीएसही पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंदांपुढे तग धरत नाही.

केबलबद्दल: एका केबलच्या दोन तोंडांमुळे रिस्टार्ट होतातच असे नाही. पण ८ पिनचे एक तोंड १५० वॉटसाठी असते आणि तुम्ही दोन्ही तोंडांचा भार एकाच केबलवर टाकलाय. डब्यात दुसरी केबल असेलच, तीच लावा. दुसऱ्या एसएमपीएसची मात्र उसनी घेऊ नका. कार्डाकडचे तोंड सारखे असते, एसएमपीएसकडच्या पिना कंपनीगणिक बदलतात, चुकली तर कार्ड किंवा ड्राइव्ह जळते. आणि हात घातलाच आहे तर प्रोसेसरच्या ८ पिनचा खटका 'टिक्' होऊन बसलाय का, बघा. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, कूलरच्या आड असतो. अर्धवट राहण्याची ती हमखास जागा.

---

कोरडा_सेल · शनिवार, ४:१०

एसएमपीएस तपासायला हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडून बघायचे ना? पंखा फिरला की चांगला.

---

तिसरी_पिन · शनिवार, ४:२२

त्यातून पंखा फिरतो एवढेच कळते. भाराशिवाय बहुतेक एसएमपीएस चांगलेच दिसतात. मोजायचेच तर लोड चालू असताना मल्टिमीटरने १२ व्होल्टची ओळ मोजा, ११.४ ते १२.६ च्या आत हवी. सॉफ्टवेअरमधल्या व्होल्टेजवर फार विसंबू नका. मला एका सॉफ्टवेअरने १२ च्या जागी ७.८ दाखवले तर मी सॉफ्टवेअर बदलेन, एसएमपीएस नाही, ७.८ वर पीसी सुरूच राहिला नसता.

मुंग्यांचा प्रश्न अर्थिंगसाठी होता. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर ११० च्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वायरमनला बोलवा. मापन जमत नसेल तर तेही त्यालाच करू द्या.

---

बायोसबुवा · शनिवार, ५:००

बुधवार २२:१५ अजून लोंबकळतोय. मॉनिटर चालू, यूपीएस गप्प, भार जवळपास नाही, कोड शून्य. निवांत बसलेला असताना पडणारा पीसी. पेचकस, त्याच वेळेच्या आगेमागे 'व्हीया-लॉगर'ची १८ नंबरची नोंद आहे का? असेल तर त्यातला एपिक आयडी सांगा. आणि खरे सांगा, बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझरला (प्रोसेसरचे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगला) हात लावलाय का?

---

पेचकस · शनिवार, ५:२०

आहे. १८, कॅश हायरार्की एरर, एपिक आयडी ६. आणि हो, एका व्हिडिओत बघून सगळ्या कोरना उणे ३० केले होते. तापमान कमी येते म्हणून. त्याने काही होत असेल असे वाटले नाही, म्हणून लिहिले नव्हते.

---

बायोसबुवा · शनिवार, ५:४५

तिसरे दुखणे सापडले. पुढच्या वेळी प्रश्न विचारताना बायोसमध्ये काय-काय बदलले ते पहिल्या ओळीत लिहा हो.

उणे ३० म्हणजे त्या वेगाला लागणाऱ्या व्होल्टेजमधून तीस पायऱ्या कापणे. लोकांना वाटते, पूर्ण लोडवर टिकले म्हणजे झाले. उलट आहे. सगळे कोर राबत असताना वेग मर्यादित असतो. हलक्या कामात एकच कोर सर्वात वरच्या वेगाला उडी मारतो आणि नेमके तिथे कापलेले व्होल्टेज कमी पडते. म्हणून गेममध्ये ठणठणीत आणि गाणी ऐकताना आडवा. कोर व्होल्टेजअभावी चुकला की बहुतेकदा ब्लू स्क्रीन येतच नाही, थेट रिस्टार्ट, आणि पुढच्या सुरुवातीला विंडोज १८ ची नोंद टाकते.

एपिक आयडी ६ म्हणजे कोर ३, मोजणी शून्यापासून. ७७०० मध्ये प्रत्येक कोरचे दोन थ्रेड, तेव्हा आयडीला दोनाने भागायचे: ६ आणि ७ दोन्ही कोर ३ चे. तुमच्याकडचा हा कोर कमकुवत आहे.

बायोस अपडेट केलेत की सेटिंग मूळपदावर येते, म्हणजे हे आपोआप निघेल. अपडेटनंतर चुकून जुने सेव्ह केलेले प्रोफाइल लोड करू नका, त्यात उणे ३० तसेच बसलेले असेल. पुन्हा लावायचे तर सगळे स्थिर झाल्यावर, उणे १० पासून, आणि कोरसायकलरने एकेक कोर रात्रभर तपासून. कोर ३ ला वेगळा, कमी आकडा द्या.

---

अवांतरकर · शनिवार, ६:१५

वाचनखूण साठवली. अवांतर: इंटेल १४७००के वर गेम सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असे येते, कार्ड १६ जीबीचे आहे. हे पण रॅमचेच का?

---

बायोसबुवा · शनिवार, ६:३०

नवीन धागा काढला असतात तर बरे, पण थोडक्यात. रॅम तपासाच, मात्र १३ व्या-१४ व्या पिढीत हा मेसेज आला की आधी प्रोसेसरवर संशय घ्यायचा. गेम शेडर तयार करताना प्रोसेसर चुकतो आणि खापर कार्डाच्या मेमरीवर फुटते. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतात आणि त्याने हळूहळू झिजतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले. उपायाचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कोडचे अपडेट) त्याच वर्षी आले, १२९ ऑगस्टमध्ये आणि मग १२बी. बायोस ताजा करा, पॉवर सेटिंग 'इंटेल डिफॉल्ट'वर ठेवा. पण मायक्रोकोडने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. तरीही चुकत असेल तर प्रोसेसर वॉरंटीत बदलून घ्या, इंटेलने या चिपांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे.

---

पेचकस · सोमवार, रात्री ९:४०

निकाल:

बायोस अपडेट झाला. पहिल्या वेळी सव्वाचार मिनिटे काळी स्क्रीन. बिटलॉकरने खरेच की मागितली, लिहून ठेवली होती म्हणून वाचलो.

मेमटेस्ट:
(क) चार स्टिक, ६०००: वीस मिनिटांत २१४ एरर, मग थांबवले.
(ख) चार स्टिक, ३६००: एक पूर्ण पास, शून्य.
(ग) पहिला संच, ६०००: दोन पास, शून्य.
(घ) दुसरा संच, ६०००: दोन पास, शून्य.

गेम चालू असताना यूपीएसचा स्विच बंद केला: टक्, अंधार. मोटर ६:३० ला लावतात, वॉचमनने सांगितले. पीसी आता थेट सॉकेटवर आहे. कार्डाला दोन केबल लावल्या. प्रोसेसरची ८ पिन नीट बसलेली होती.

आता रॅमचे काय करू? कामाला ६४ जीबी लागते.

---

सोल्डरमामा · सोमवार, रात्री १०:१५

चारही स्टिक निर्दोष, जोडी-जोडीने ६००० सुद्धा पेलतात. चौघी एकत्र नांदत नाहीत, एवढेच. दुकानात नेले असते तर हात हलवत परत आला असतात.

सगळ्यात सरळ मार्ग: हे दोन्ही संच परत देता आले किंवा विकता आले तर ३२ जीबीच्या दोन स्टिकचा एक संच घ्या. ६४ जीबी आणि ६००० दोन्ही मिळेल.

ते जमत नसेल तर चौघींना ३६०० आणि ५२०० च्या मध्ये कुठेतरी बसवा. एक्स्पो चालू करा, म्हणजे टायमिंग आणि १.३५ व्होल्ट भरले जातील, मग फक्त वेग हाताने ४८०० करा. एसओसी (मेमरी कंट्रोलरच्या भागाचे) व्होल्टेज ऑटोवर सोडू नका, १.२० द्या. १.३० च्या वर कधीच नाही. २०२३ मध्ये काही ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने बायोसमधूनच ती सीमा घातली. ४८०० टिकले तर ५०००, मग ५२००. प्रत्येक पायरीला मेमटेस्टचा एक पास. ज्या पायरीला एक जरी एरर आला, तिथून दोन पायऱ्या खाली येऊन थांबा. काठावर राहू नका, मे महिन्यात खोली दहा अंशांनी तापते आणि काठावरचे घसरते. चार स्टिक चिकटून असल्या की मधल्या दोघी जास्त तापतात. एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रत्येक स्टिकचे तापमान दिसते, पन्नाशीच्या आत राहिलेले बरे.

वेग कमी केल्याने गेममध्ये थोडे फ्रेम जातील. काम मोठ्या फायलींचे असेल तर ६४ जीबी हाताशी असण्याचा फायदा त्याहून मोठा.

शेवटी ठरलेल्या वेगावर मेमटेस्टचे चार पास, रात्रभर. मग विंडोजमध्ये वाय-क्रंचरची व्हीटी३ चाचणी दोन तास आणि प्राइम९५ लार्ज एफएफटी एक तास. मेमटेस्ट रॅमला भिडते पण प्रोसेसर आणि रॅम दोन्ही तापलेले असताना काय होते ते दाखवत नाही, म्हणून पुढच्या दोन. एक एरर म्हणजे नापास, 'एकच तर आला' चालत नाही.

हे झाल्यावर, आधी नाही, विंडोज एकदा नव्याने टाका. आणि या आठ दिवसांत जुन्या ड्राइव्हवरून जे फोटो, झिप, प्रोजेक्ट कॉपी केले ते मूळ जागेवरून पुन्हा कॉपी करा. बिघडलेला बिट फाइलमध्ये लिहिला गेला असेल तर ती उघडतेही, फोटोत मध्येच करडा पट्टा दिसतो किंवा काहीच दिसत नाही. मूळ ड्राइव्ह अजून फॉरमॅट केली नसेल अशी आशा.

---

पेचकस · पुढचा रविवार, दुपारी १२:०५

मूळ ड्राइव्ह सुदैवाने तशीच होती, सगळे पुन्हा कॉपी केले. ४८०० शून्य, ५००० शून्य, ५२०० ला दुसऱ्या तासात ३ एरर. सांगितल्याप्रमाणे ४८०० वर थांबलो. चार पास, वाय-क्रंचर, प्राइम सगळे पार. सहा दिवसांत ४१ ची एकही नोंद नाही, १८ चीही नाही. मोटर रोज लागते, पीसी चालू राहतो. ११०० व्हीएचा साइन वेव्ह यूपीएस मागवलाय.

एकच कुरकुर: बटण दाबल्यावर दर वेळी पाऊण मिनिट काळी स्क्रीन. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर चालू केले की लगेच सुरू होतो म्हणतात. करू का?

---

सोल्डरमामा · रविवार, १२:३०

ते चालू केले की बोर्ड दर वेळी नवे ट्रेनिंग न करता जुनेच आकडे वापरतो. चार स्टिकला दर वेळचे ताजे ट्रेनिंगच बरे, मी असतो तर पाऊण मिनिट सोसले असते. करायचेच असेल तर शेजारचे 'पॉवर डाउन एनेबल' पण चालू करा, एक चालू आणि एक बंद असे ठेवले की पुन्हा १ए दिसायला लागतात. आणि बदल केल्यावर मेमटेस्टचे चार पास परत पहिल्यापासून.

---

पेचकस · रविवार, १२:४१

राहू दे मग. तेवढ्यात चहा ठेवून होतो.